फ्राऊ लिंडनरांचा सत्कार

२४ जून २०१६, रेगेन्सबर्ग

जर्मन कारागिरीची एवढी कीर्ती ऐकून आलो आणि माझ्या खोलीतला पलंग डगमगतो. कूस बदलली की एक पाय टक् करतो. आज वाकून पाहिलं. दोष पलंगाचा नाही, जमिनीचा आहे. लाकडी फरशीत चार ठिकाणी वाटीच्या बुडाएवढे खळगे पडले आहेत आणि पलंगाचा एक पाय नेमका त्यातल्या एकात उतरतो. कादंबरीला म्हटलं, "घरमालकाला सांग. भाडं भरता ना तुम्ही?" ती म्हणाली, "असू दे बाबा, मी पायाखाली पुठ्ठा घालते."

ही माझी मुलगी! चाळीस वर्षं महाराष्ट्रभर फिरून लोकांना हक्क मागायला शिकवलं आणि घरात पुठ्ठा.

बाकी खोली उत्तम आहे. पूर्वेला खिडकी, दिवसभर उजेड. शाईसारखा कसलासा वास तेवढा येतो. शोभना गेल्यावर वाईच्या घरात मला भिंतींशी बोलायची सवय लागली होती, ती इथे सुटेल.

२८ जून

जेवताना दोघं जर्मनमध्ये कुजबुजत होते. मी हातातला घास ठेवला आणि म्हटलं, "कपिलराव, जे काही असेल ते मराठीत होऊ द्या." जावई गरीब आहेत. मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर, पण आवाज कारकुनाचा. त्यांनी सांगितलं ते असं.

कादंबरी लिनोलियमच्या तुकड्यांवर चित्रं कोरते आणि त्यांचे छाप काढते. त्यासाठी तिने हाताने फिरवायचं बिडाचं यंत्र घेतलं आहे, एका बंद पडलेल्या शाळेतून. ते सध्या इमारतीच्या तळघरात असतं. तळघर फक्त सामानासाठी आहे, तिथे शाई आणि टर्पेंटाइन चालणार नाही, असं हाउसफरवाल्टुंगने, म्हणजे इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या लोकांनी बजावलं आहे. जुलैअखेर यंत्र हलवायचं. पासाऊचा कुणी माणूस ते विकत घ्यायला तयार आहे.

"विकणार?" मी विचारलं.

"जागा मिळाली तर नाही विकणार," कादंबरी म्हणाली.

गल्लीच्या कोपऱ्यावर एक बंद पडलेली बेकरी आहे. वस्तीच्या मंडळाने, इथे त्याला फेराइन म्हणतात, ती कुणा एका रहिवासी कलाकाराला दोन वर्षं फुकट वापरायला द्यायचं ठरवलं आहे. नऊ तारखेला गल्लीत चित्रांचा बाजार भरतो. इच्छुकांनी तिथे आपलं टेबल मांडायचं, तीन परीक्षक हिंडून पाहणार आणि सोमवारी निर्णय. आता दोघंच उरले आहेत: कादंबरी आणि माथियास नावाचा एक कुंभार.

"पण मुळात ते यंत्र तळघरात ठेवायची दुर्बुद्धी कुणाला सुचली?" मी विचारलं.

कपिलराव माझ्याकडे बघत राहिले. कादंबरीने मला न विचारता आणखी आमटी वाढली.

३ जुलै, रविवार

आज तिची सगळी चित्रं पाहिली. सगळ्या खिडक्या. इथली म्हातारी माणसं खिडकीच्या कठड्यावर उशी ठेवून, तिच्यावर कोपर टेकून तासन्‌तास रस्ता बघत बसतात. ती खिडकी, ती उशी, ते हात. काम बारीक आहे. पण एकाही चित्राखाली एक ओळ नाही! बघणाऱ्याने समजायचं काय?

मी म्हटलं, "कादंबरी, परीक्षक समोर आले की तू काय बोलणार? उभी राहा. म्हणून दाखव."

"बाबा, ते फक्त बघतात. बोलायचं नसतं."

"बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. उभी राहा."

उभी राहिली. तोंड उघडलं आणि मिटलं. लहानपणीही अशीच. वक्तृत्व स्पर्धेसाठी मी लिहून दिलेलं भाषण पाठ करायची आणि स्टेजवर गेली की हरवायची. माझ्या पोटी ही कशी आली, हा प्रश्न मी शोभनेला विचारायचो. शोभना म्हणायची, "तुम्ही श्वास घेता ना, तेवढ्यात आम्ही दोघी बोलून घेतो."

एक चित्र मात्र वेगळं निघालं. सभेचं व्यासपीठ, पण मागच्या बाजूने पाहिलेलं. माइकसमोर पाठमोरा वक्ता, एक हात वर. आणि टेबलाखाली शालींच्या ढिगावर झोपलेली एक पोर. मी ओळखलं! सत्कारात मिळालेल्या शाली शोभना टेबलाखाली रचायची आणि ही त्यांवर झोपायची. डोळे भरून आले. बापावर चित्र काढलं पोरीने.

"पण पाठमोरा का काढलास?" मी विचारलं. "वक्त्याचा चेहरा बोलतो."

"मला तिथून तेवढंच दिसायचं," ती म्हणाली.

५ जुलै

जिन्यात फ्राऊ लिंडनर भेटल्या. वरच्या मजल्यावर राहतात, सत्तरीच्या आहेत, एकट्या. आयुष्यभर इस्पितळात परिचारिका होत्या. अंगणातला चेस्टनट कापायला आलेल्या लोकांना त्यांनी म्हणे खुर्ची टाकून, झाडाखाली बसून परत पाठवलं. त्याच फेराइनच्या अध्यक्ष आणि त्याच तिघा परीक्षकांतल्या एक. कादंबरीच्या खिडक्यांतली एक खिडकी त्यांची आहे.

त्यांना इंग्रजी येतं. मी दोन पायऱ्यांवर उभं राहून त्यांना आपल्याकडच्या शेतमजूर बायकांच्या लढ्याबद्दल सांगितलं. त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत सगळं ऐकलं. अशी श्रोती इथे पहिल्यांदाच मिळाली.

मला कायम वाटत आलं आहे की आपण सत्कार करतो ते चुकीच्या माणसांचे. मंत्र्यांना शाली, कारखानदारांना शाली. झाडाखाली खुर्ची टाकून बसणाऱ्या परिचारिकेला कोण देतं?

८ जुलै, शुक्रवार

काल रात्री फुटबॉलमध्ये जर्मनी फ्रान्सकडून हरली. आज बाल्कन्यांतले झेंडे उतरताहेत, गल्ली सुतकात आहे.

घरातही सुतकच. मी सगळ्या चित्रांसाठी इंग्रजीत ओळी लिहून दिल्या होत्या. कादंबरीने वाचल्या, कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाली, "छान आहेत बाबा. नको पण." मी म्हटलं, "कारण सांग." तिने ती घडी माझ्या खिशात सरकवली. हात मात्र थरथरत होते. रात्रभर छाप काढत होती तळघरात, चोरून. म्हणजे भीती आहे. भीतीवर एकच औषध, कुणीतरी पुढे होऊन बोललं पाहिजे.

स्टेशनजवळच्या तमिळ दुकानातून नारळ आणला. शेंडी शाबूत आहे. शाल बॅगेत होतीच. परदेशी निघताना मी दोन शाली टाकतो, कुणाचा योग येईल सांगता येत नाही. कुणाला बोललो नाही. यात स्वार्थाचा लवलेश नाही. परीक्षक नसत्या तरी मी हेच केलं असतं. मात्र हेही खरं की चांगल्या माणसाला चांगलं वाटलं तर त्यात वाईट काय?

९ जुलै, शनिवार

सविस्तर लिहायला हवं.

अशी दुपार आपल्याकडे कुठे मिळत नाही, हे आधी कबूल करतो. तिकीट नाही, कमान नाही, उद्घाटक नाही. चेस्टनटखाली लांब बाकं, एक अ‍ॅकॉर्डियनवाला, शेजाऱ्यांनी घरून भाजून आणलेले केक. माझा सगळ्या दुपारचा खर्च एक तुकडा केक आणि एक कॉफी. कपासाठी घेतलेली अनामतही परत मिळाली. लोक टेबलांमधून पाय न वाजवता हिंडत होते, देवळात हिंडतात तसे.

कादंबरीने भिंतीशी दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं लावली होती. मी टेबलाच्या कडेला उभा राहिलो. माणूस थांबला की मी सुरुवात करायचो, खिडकी म्हणजे काय, आत कोण आणि बाहेर कोण. लोक हसून "शोन", म्हणजे छान, म्हणायचे आणि पुढे जायचे. कपिलराव दोनदा कानाशी आले, "बाबा, आल्झो… म्हणजे, त्यांना जरा बघू द्या ना." मी म्हटलं, "कपिलराव, तुमच्यासारखे जावई असल्यावर यंत्र पासाऊलाच जाणार."

मग अ‍ॅकॉर्डियन थांबलं आणि फ्राऊ लिंडनर माइक घेऊन केक आणणाऱ्यांचे आभार मानू लागल्या. तोच क्षण होता. मी पुढे झालो. परवानगी मागितली नाही. सत्काराला परवानगी मागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. माइक घेतला आणि बोललो. इंग्रजीत, पण कित्येक दिवसांनी घसा मोकळा झाला. म्हटलं, ज्या बाईने झाड वाचवलं, जिने परक्या देशातून आलेल्या माझ्या मुलीला आपली खिडकी दिली, तिचा मान आम्ही आमच्या पद्धतीने करतो. शाल खांद्यावर पांघरली, नारळ ओंजळीत दिला, नमस्कार केला.

टाळ्या थोड्या उशिरा आल्या, पण आल्या. फोन वर झाले. फ्राऊ लिंडनर लालबुंद. एवढ्या गहिवरल्या की माझ्याकडे पाहवेना, सारखं कादंबरीकडे बघत होत्या. दुसरे परीक्षक, हेर ब्रुनर नावाचे उंच गृहस्थ, हात मागे बांधून उभे होते. टाळी नाही. प्रत्येक सभेत असा एक असतो.

परत आलो तर कादंबरीचा चेहरा पांढरा.

"बाबा, काय केलंत?"

"सत्कार."

"परीक्षक आहेत त्या!"

"मग? परीक्षकाला खांदे नसतात?"

तिने एका चित्राला चिमटा लावला. त्याला आधीच दोन चिमटे होते. मग खूप हळू म्हणाली, "तुम्ही केक खाऊन या. प्लीज, बाबा."

गेलो. बाकावरून पाहत होतो. फ्राऊ लिंडनरांनी शाल काढून घडी केली आणि त्या केकच्या टेबलामागे जाऊन बसल्या, त्या शेवटपर्यंत उठल्याच नाहीत. ना माथियासकडे, ना आमच्याकडे. हेर ब्रुनर कादंबरीला बाजूला घेऊन काहीतरी विचारत होते. तिने मान वर करून एकच वाक्य उत्तर दिलं. मला अभिमान वाटला. बोलली!

त्यानंतर तिच्या टेबलाशी माणसं जमू लागली. पण काय सांगू! कुणी एक अक्षर बोलत नव्हतं. एक म्हातारा चष्मा कपाळावर सरकवून चित्राला नाक लावून उभा. एका बाईने जाऊन नवऱ्याला ओढून आणलं, मग दोघंही गप्प उभे. कादंबरीही गप्प. सभेत अशी शांतता पडली की समजावं, वक्ता हरला. मला राहवेना. परत गेलो, बोलायला लागलो. गर्दी पांगली, पण एव्हाना वेळच संपत आली होती.

ते शालींचं चित्र एका मध्यमवयीन बाईने विकत घेतलं. मी तिला सांगितलं, यातला वक्ता मीच. तिने माझ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे, आणि कादंबरीच्या खांद्यावर हात ठेवून गेली. माझ्याशी हात मिळवला असता तर बरं वाटलं असतं.

१० जुलै

सकाळी फ्राऊ लिंडनर दारात. हातात शाल, इस्त्री केल्यासारखी घडी, आणि वर नारळ. मी म्हटलं, "कादंबरी, त्यांना आत बोलाव, पोहे दे." त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्यातच कादंबरीशी बोलल्या. जाताना त्यांनी तिचा हात बराच वेळ धरून ठेवला.

कपिलरावांनी समजावलं. नियम असा की उमेदवाराकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून परीक्षकाने काहीही घ्यायचं नाही. त्यामुळे त्या निर्णयातून बाजूला झाल्या आहेत.

"परत केली ना शाल? मग विषय संपला!"

"सगळ्यांसमोर दिलीत ना बाबा."

"म्हणजे काय, लाच? मी लाच दिली? ज्या माणसाने तीन वेळा नोकरी पणाला लावून…"

एवढ्यात स्वयंपाकघरात भांडं पडलं. कादंबरी आवरायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पोहे तिथेच निवले.

११ जुलै, सोमवार

जागा माथियासला मिळाली.

कादंबरीने ते मला भाजी चिरताना सांगितलं, भेंडी ताजी आहे असं सांगावं तसं. मग पासाऊला फोन केला. तो माणूस येत्या रविवारी गाडी घेऊन येणार.

रात्री पलंग फार डगमगला. पुठ्ठा चेपला असावा.

१३ जुलै

शुक्रवारी फेराइनची बैठक आहे. मी तिथे बोलणार. भाषण तयार केलं आहे, गेल्या दहा वर्षांतलं माझं सर्वोत्तम. मान आणि लाच यांतला फरक ज्या समाजाला कळत नाही, त्याने कलेचे बाजार भरवू नयेत, इथून सुरुवात. संध्याकाळी कपिलरावांना वाचून दाखवलं. ते बूट काढत होते, तसेच एका बुटावर ऐकत बसले.

"बाबा, नका बोलू."

"का?"

"हेर ब्रुनरनी शनिवारी कादंबरीला विचारलं होतं, तुला हे माहीत होतं का. 'नाही, वडिलांनी परस्पर केलं' असं म्हणाली असती, तर तिच्यापुरता विषय तिथेच मिटत होता. ते तसं तिला सुचवतच होते."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, आमच्याकडे मान देतात, आम्ही दिला."

मी विचारलं, ती खोटं का बोलली.

"सगळी गल्ली बघत होती ना बाबा," कपिलराव म्हणाले. "तुम्हाला तिथे एकटं कसं सोडायचं?"

मग ते दुसरा बूट काढायला लागले.

आज आणखी लिहिवत नाही.

१५ जुलै

बैठकीला गेलो नाही.

१६ जुलै, शनिवार

उद्या पासाऊचा माणूस येणार म्हणून कादंबरी यंत्र पुसायला तळघरात गेली. मी मागोमाग चिंध्या घेऊन गेलो. आल्यापासून एकदाही तिथे पाऊल टाकलं नव्हतं. ती रॉकेलने रूळ पुसत होती. मी जमिनीवर बसून पाय पुसायला घेतले. बिडाचे चार पाय. खाली प्रत्येकाला एक जाड, गोल टाच.

वाटीच्या बुडाएवढी.

मी एक टाच पुसली. दुसरी पुसली. दोन्हींमधलं अंतर वीत टाकून मोजलं. कादंबरी म्हणाली, "बाबा, काय करताय?" मी म्हटलं, "काही नाही." वर आलो, पलंग बाजूला सारला आणि तशीच वीत टाकून पाहिली. मग त्या उजेडाच्या खोलीत उभा राहिलो. शाईचा वास अजून होता.

पलंग ओढत हॉलमध्ये आणला. दारात अडकला, तेव्हा कपिलराव धावत आले.

"बाबा, हे काय?"

"तुमचे कारखान्यातले मित्र आहेत ना, श्रीनाथ वगैरे? ताकदीचे असतील तेवढे बोलवा. आज. आणि पासाऊला नाही म्हणून कळवा."

कादंबरी जिना चढून आली, हात काळे. हॉलमधला पलंग पाहून सगळं कळलं तिला.

"तुम्ही झोपणार कुठे?"

"इथे."

"पाठ धरेल तुमची. सकाळी सहाला कपिल बाजूलाच कॉफी करतो, खडखडाट असतो."

"सभा संपल्यावर एस्टी स्टँडच्या बाकांवर झोपलेला माणूस आहे मी. मला काय सांगतेस?"

"पण बाबा, तुम्ही अजून दीड महिना…"

"कादंबरी," मी म्हटलं, "मला आधीच सांगितलं का नाहीस?"

ती काही बोलली नाही. आणि मीही, हे इथे लिहून ठेवतो, पुढे काही बोललो नाही.

१७ जुलै, रविवार

रूळ वेगळे केले तरी यंत्र वर आणायला चौघं लागले. श्रीनाथ मिरजेचा आहे, मान बैलासारखी. फ्राऊ लिंडनर जिन्याच्या वरच्या वळणावर उभं राहून प्रत्येक पायरीला सूचना देत होत्या. खोलीच्या दाराशी सगळे थांबले. फरशीवरून सरकवायचं तर चरे पडणार, खाली मऊ काहीतरी हवं. कपिलराव ब्लँकेट शोधायला गेले. मी शाल आणून अंथरली.

"अहो सर, सत्काराची शाल!" श्रीनाथ म्हणाला.

"ओढ," मी म्हटलं.

शाल मधोमध फाटली, तेलाने काळी झाली. चारही पाय आपापल्या खळग्यात टक् करून बसले. मी धक्का देऊन पाहिला. जराही हललं नाही.

श्रीनाथला नारळ दिसला. मशीन बसवलं की फोडायचा असतो म्हणे. मी म्हटलं, कर्मकांड माझ्या घरात चालणार नाही, चटणी करा. कपिलराव म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर!" आणि किती दिवसांनी सगळे हसले. फ्राऊ लिंडनरांनी चटणी कशाशी खायची ते विचारून घेतलं. आता घ्यायला हरकत नव्हती.

कादंबरीने एक खिडकी शाई लावून यंत्रावर ठेवली, वर ओला कागद. मूठ धरली आणि थांबली. सगळे दाराशी गोळा झाले होते. तिने माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, दोन शब्द बोला ना."

घसा खाकरला. एवढी माणसं, एवढी शांतता, आणि समोर ती.

"चालू कर," मी म्हटलं.

तिने मूठ फिरवली.